धूर तर दप्तर

"मामोस्ता, शाळा बंद म्हणालात ना तुम्ही?"

साऱ्या गावाच्या आईनं, खावर दायेनं, दारातच शाल झटकली. बर्फाचा चुरा उंबऱ्यावर सांडला. तिच्या काखेत फडक्यात गुंडाळलेल्या गरम रोट्या होत्या. रोज सकाळी म्हातारी मामोस्तांना, म्हणजे गावच्या मास्तरांना, रोट्या आणून द्यायची आणि जाताना त्यांच्या केतलीतला पेलाभर चहा पिऊन जायची.

"बंदच आहे," मामोस्ता तौफीक म्हणाले. ते वर्गातल्या बुखारीसमोर, धुराड्याच्या लोखंडी शेगडीसमोर, गुडघ्यांवर बसले होते. "साडेसहाला रेडिओवर सांगितलं. डोंगरातल्या सगळ्या शाळा बंद."

"मग हा धूर कुणासाठी?"

मामोस्ता सांगू लागले. पहाटे छत गळलं होतं. कपाटातल्या वह्या भिजल्या होत्या, परीक्षेच्या वह्या, मुलांनी वर्षभर लिहिलेल्या. त्या वाळवायच्या म्हणून त्यांनी पावणेसातला बुखारी पेटवली आणि एकेक वही उघडून तिच्याभोवती उभी केली. आता सतरा वह्या झाल्या होत्या, अजून... एवढं बोलून ते थांबले. हातातली अठरावी वही हातातच राहिली.

"दाये," ते म्हणाले, "बाहेर किती वेळ झाला हे सुरू होऊन?"

"बर्फ? आत्ताच की. मी तंदूरमधून रोटी काढली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. घरातून निघाले नि कुणीतरी पिठाची गोणी उपडी केल्यासारखं झालं."

मामोस्तांनी वर धुराड्याच्या नळीकडे पाहिलं.

गावातल्या, कानीगुलच्या, मुलांचा प्रश्न नव्हता. त्यांची घरं शाळेला लागूनच होती. शाळा असली की मामोस्ता दारात टांगलेल्या लोखंडी चाकावर तीन टोले देत, नसली की देत नसत. पण दरीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर, हवारा नावाची सहा घरांची वस्ती होती. तिथपर्यंत टोल्यांचा आवाज जात नसे. तिथे टेलिफोन नव्हता, आणि त्या वस्तीतला एकुलता एक रेडिओ दोन वर्षांपासून मुका होता. म्हणून मामोस्तांनीच फार पूर्वी एक नियम घालून दिला होता. सकाळी शाळेच्या धुराड्यातून धूर निघाला तर शाळा आहे, नाही निघाला तर नाही. हवाऱ्याच्या पोरांनी त्याचं गाणंच करून टाकलं होतं. धूर तर दप्तर, धूर तर दप्तर, असं म्हणत ती उतार उतरत.

शाळा बंद असली की मामोस्ता आपल्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह लावून बसत. त्याला धूर नव्हता. सव्वीस वर्षांत बंदच्या दिवशी त्यांनी एकदाही बुखारी पेटवली नव्हती. आज रेडिओवर 'बंद' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या डोक्यातली शाळाच बंद झाली. उरल्या त्या ओल्या वह्या.

"सिरवे," ते म्हणाले. "सिरवे निघाली असणार."

या हिवाळ्यात हवाऱ्याहून दोनच मुली येत होत्या. पाचवीतली सिरवे आणि तिची सात वर्षांची बहीण चिमन. बाप हिवाळाभर शहरात वीटभट्टीवर असे. आई गुलाले दोघींना वेणी घालून दारापर्यंत सोडी आणि छतावर चढून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राही. सिरवेनं आजवर शाळा चुकवली नव्हती. फक्त एकदा, दहा दिवसांपूर्वी, दरीत धुकं भरलं होतं. धूर दिसला नाही, म्हणून दोघी घरीच थांबल्या. शाळा मात्र सुरू होती. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर आपल्या नावापुढे लाल फुली बघून सिरवे रडली नाही, पण दिवसभर कुणाशी बोललीही नाही. मामोस्तांना वाईट वाटलं. ते म्हणाले होते, "धुकं असलं की काळ्या शिळेपर्यंत यायचं. तिथून धूर दिसतो. नाही दिसला तर नाक वर करायचं नि वास घ्यायचा." सगळा वर्ग हसला होता. सिरवेनं मात्र ते वहीत लिहून घेतलं होतं.

हे सगळं दायेला सांगायला वेळ नव्हता, आणि सांगण्याची गरजही नव्हती. म्हातारीनं रोट्या बाकावर ठेवल्या आणि ती दाराबाहेर तोंड काढून ओरडली, "जबार! ए जबार! खेचरं सोड नि इकडे ये!"

जबार शेजारीच राहायचा. खेचरांवर माल वाहायचा. चालताना डावा पाय किंचित ओढायचा. तेहतीस वर्षांचा हा माणूस कधीकाळी याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसला होता. आठ वर्षांचा असताना, मामोस्तांच्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात, अशाच एका सकाळी शाळेच्या वाटेवर त्याच्या पायाची दोन बोटं गारठून गेली होती. त्या दिवशी मामोस्तांनी शाळा उघडी ठेवली होती. त्याबद्दल जबार त्यांना कधी चकार शब्द बोलला नाही. भेटला की छातीवर हात ठेवून वाकायचा. त्याचं ते वाकणं मामोस्तांना शिवीसारखं लागायचं. तेव्हापासून ते शाळा बंद ठेवायला फार लवकर तयार होत. गाव त्यांची टिंगल करी. गेल्या वर्षी शिक्षण कार्यालयाकडून पत्र आलं होतं की तुमची शाळा इतर शाळांपेक्षा पाच दिवस जास्त बंद होती, कारण द्या. मामोस्तांनी उत्तरात 'हवामान' लिहिलं. खरं कारण लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

आज सकाळीही, आभाळ निरभ्र असताना, छतावरचा बर्फ खोऱ्यानं ढकलता ढकलता जबार ओरडला होता, "मामोस्ता, शाळा बंद का? कुणीतरी शिंकलं वाटतं डोंगरापलीकडे!" मामोस्ता ओशाळून हसले होते.

आता तो आत आला आणि दायेनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. जबारचा चेहरा बदलला.

"कधी निघाल्या असतील?"

"सव्वासात. साडेसात," मामोस्ता म्हणाले. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"म्हणजे शिळेपाशी असतील. किंवा उतारावर."

काळी शिळा वाटेच्या मध्यावर होती. घराएवढा दगडाचा कातळ, त्याच्या एका अंगाला माणूस बसेल एवढी खोबण. शिळेपलीकडे ओढा आणि त्यावर दोन ओंडक्यांचा पूल. शिळेअलीकडे गावापर्यंत उघडा उतार, ज्याच्यावरून दर हिवाळ्यात कधी ना कधी बर्फाचा अख्खा थर घसरून दरीत जाई.

जबारनं पटकन बादली उचलली. "आधी ही विझवू. धूर गेला की मागं फिरतील."

"नको," मामोस्ता म्हणाले.

"मग टोल देऊ. आवाजाच्या रोखानं येतील तरी." आणि तो दाराकडे वळला, चाकाखालचा लोखंडी दांडा त्यानं हातातही घेतला.

"जबार, ठेव तो!"

जबार थबकला. सव्वीस वर्षांत मामोस्तांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

मामोस्तांना स्वतःलाही तो परका वाटला. पण डोक्यात एक गोष्ट लख्ख दिसत होती. टोल ऐकला की सिरवे काय करेल? तिला वाटेल उशीर झाला. ती चिमनचा हात धरून उतारावर पळत सुटेल. आणि धूर विझवला तर? ती शहाण्या मुलीसारखी मागं फिरेल, वाऱ्याचे धक्के पाठीत खात, बर्फानं माखलेल्या ओंडक्यांवरून. दोन्हीकडे मरण होतं. मुलींनी तिथेच, शिळेपाशी, थांबायला हवं होतं. पण थांबा कसं सांगायचं? सव्वीस वर्षांत त्यांनी त्या वस्तीला दोनच शब्द शिकवले होते. या, आणि येऊ नका. थांबा हा तिसरा शब्द त्यांच्या धुरात नव्हताच.

"मामोस्ता, काहीतरी बोला," दाये म्हणाली. "उभ्या उभ्या काय करताय?"

उभ्या उभ्या काय करताय. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. वडिलांकडून, बायको होती तेव्हा तिच्याकडून, तपासणीला येणाऱ्या साहेबांकडून. मन एकीकडे म्हणे हो, दुसरीकडे म्हणे नाही, आणि पाय जागचे हलत नसत. ज्याला ठरवता येत नाही तो जागच्या जागी थांबतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ते कोपऱ्याकडे गेले. तिथे मुलांच्या फाटक्या रबरी बुटांचा ढीग पडला होता. नवे बूट मिळाले की पोरं जुने तिथेच फेकत. त्यांनी त्यातला एक उचलला आणि दायेच्या हातात दिला.

"हा बुखारीत टाक. घाण वास सुटेल. पाच मिनिटं सुटू दे. मग धुराड्याची झडप लाव, खिडकी उघड, धूर आत कोंडला तरी चालेल. पाच मिनिटांनी झडप उघडायची, दुसरा बूट टाकायचा. असंच करत राहायचं. आम्ही येईपर्यंत."

"हे कसलं खूळ?"

"वास आला की त्यांना वाटेल शाळा आहे. गेला की वाटेल नाही. सिरवेला ठरवता येणार नाही, दाये. ती थांबेल."

जबारनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यानं कंबरेला गुंडाळलेला लांबलचक पट्टा सोडायला सुरुवात केली. मामोस्तांनीही आपला सोडला. दोन पट्ट्यांना गाठ मारल्यावर वीस हातांचा दोर झाला. एक टोक जबारच्या कंबरेला, दुसरं मामोस्तांच्या.

बाहेर काही दिसत नव्हतं. वर आणि खाली यांत फरक राहिला नव्हता. वारा गावाकडून दरीत उतरत होता आणि मानेवर वाळूसारखा बर्फ मारत होता. समोर जबार होता, पण त्याचा फक्त दोर दिसत होता, पांढऱ्यात शिरणारा आणि पांढऱ्यातच नाहीसा होणारा. दोराला हिसका बसला की मामोस्ता पाऊल टाकत. वाटेवर त्यांना सारखं वाटत राहिलं की आपण चुकलो. टोलच द्यायला हवा होता. आत्तापर्यंत त्या आल्या असत्या, बुखारीपाशी बसल्या असत्या. जन्मात एकदा ठामपणे बोललो आणि तेही चुकीचं बोललो. मधूनच जळक्या रबराचा वास येई. मग जाई. म्हातारी काम चोख करत होती.

उतारावर जबार थांबला आणि हात हलवून खूण केली की पायाखाली बघा. बर्फात दोन बोटं रुंद भेग गेली होती, आडवी, दोन्ही बाजूंना नाहीशी होणारी. ती ओलांडताना मामोस्तांनी श्वास रोखून धरला, जणू त्यांच्या श्वासाचाही भार पडला असता. त्यापुढे त्यांनी काहीच विचार केला नाही. फक्त पावलं मोजली. मुलांना उजळणी शिकवतात तशी, मोठ्यानं, दहापर्यंत आणि पुन्हा एकपासून.

शिळा दिसली नाही, हाताला लागली. चाचपत ते खोबणीशी आले.

सिरवे खोबणीत पाठ लावून बसली होती. दप्तर तिनं वाऱ्याच्या बाजूला उभं करून त्याची भिंत केली होती. चिमन तिच्या कोटाच्या आत होती, नुसतं डोकं बाहेर. चिमनच्या हातांत हातमोज्यांचे दोन जोड होते, एकावर एक. सिरवेचे हात उघडे होते आणि बहिणीच्या पाठीमागे एकमेकांत अडकवलेले होते.

"मामोस्ता," ती म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. "वास यायचा नि जायचा. शाळा आहे का नाही, काही कळेचना. म्हणून थांबलो."

मामोस्तांनी तिचे हात सोडवले. उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती आणि दाबली तरी तिला कळत नव्हतं. त्यांनी ती आपल्या सदऱ्यात, काखेत घेतली. जबारनं चिमनला पाठीशी बांधलं.

परतीचा उतार त्यांनी कसा पार केला ते मामोस्तांना नंतर आठवत नसे. वर्गात धूर भरला होता. डोळ्यांतून पाणी गाळत दाये झडपेपाशी उभी होती आणि तिच्या पायाशी फक्त एक बूट उरला होता. तिनं मुलींना बुखारीजवळ जाऊ दिलं नाही. सिरवेला जवळ घेऊन तिचा हात स्वतःच्या कुशीत धरला, कोमट पाणी पाजलं आणि तिच्या बोटांत कळ येऊन ती कण्हायला लागली तेव्हा म्हणाली, "रड, रोला, रड माझ्या बाळा. दुखतंय ते चांगलं."

पण दोन बोटं दुखली नाहीत.

बरीच कळ सोसून झाल्यावर सिरवेनं डोळे पुसले. भोवती उघड्या पडलेल्या वह्यांकडे पाहिलं, मग रिकाम्या बाकांकडे.

"हजेरी झाली?"

मामोस्तांनी तिला सांगितलं की आज शाळाच नव्हती. आज कुणीच गैरहजर नाही. सकाळी रेडिओ ऐकून त्यांनी हजेरीपटाच्या त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत रेघ ओढून 'बंद' लिहिलं होतं. ते त्यांनी तिला उघडून दाखवलं.

सिरवेनं रेघ पाहिली. "पण आम्ही आलो ना," ती म्हणाली.

मामोस्तांनी टाक उचलला. शाईचा एक थेंब पानावर पडला. रेघेवरच, दोन नावांपुढे, त्यांनी 'हजर' लिहिलं. कार्यालयातून पुढे त्याबद्दलही विचारणा झाली. या वेळी त्यांनी उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी रस्ता मोकळा झाला. जबारनं सिरवेला खेचरावर बसवून खालच्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीनं शहराच्या दवाखान्यात. मामोस्ता खेचराबरोबर चालत गेले. वाटेतून दिसलं, उताराच्या जागी आता नुसती उघडी माती होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळं शांत असताना, तो थर दरीत गेला होता. त्या सकाळी मात्र तो घसरला नव्हता. त्या सकाळी टोल दिला असता तर मुली त्यावरून धडधाकट आल्या असत्या, दहाही बोटांनिशी. किंवा त्यांच्या धावण्यानंच तो सुटला असता. याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं आणि मामोस्ता ते रोज नव्यानं शोधत राहिले.

दवाखान्यातून परतताना जबारनं खालच्या रस्त्यावर बांधलेलं खेचर सोडलं. मग खेचराची दोरी आवळत, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मामोस्ता, माझ्या बोटांचं सांगू का? त्या दिवशी मी शाळेत येतच नव्हतो. ससा धरायला गेलो होतो ओढ्याकडे. घरी मार बसेल म्हणून शाळेचं नाव सांगितलं." हे खरं होतं की पंचवीस वर्षांनंतर त्यांच्यासाठी बनवलेलं होतं, ते मामोस्तांना ठरवता आलं नाही. त्यांनी नुसता छातीवर हात ठेवला आणि ते वाकले.

वसंतात, नवरोजच्या म्हणजे नववर्षाच्या सुट्टीनंतर, सिरवे शाळेत आली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती. ती पेन्सिल अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात धरायला शिकली. अक्षर तिरपं यायचं. मामोस्ता तिच्याजवळ बसून पहिलीच्या मुलासारखं आलिफपासून तिच्याबरोबर गिरवत. गुलाले एकदा वाटीभर अक्रोड घेऊन आली. मामोस्ता मान खाली घालून उभे होते. ती म्हणाली, "पोरी जिवंत आहेत, मामोस्ता. फक्त एक करा. वाटलं तर खुशाल शाळा बंद ठेवा. लोक हसले तर हसू द्या."

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या वादळाच्या सकाळी मामोस्तांनी शाळा बंद केली. कुणी हसलं नाही. बुखारी गार होती. स्टोव्हमधलं रॉकेल आदल्या दिवशीच संपलं होतं. छतावरून जबारनं हाक मारून विचारलं, मामोस्ता, गारठून जाल, माझ्याकडे तरी येऊन बसता का? ते येतो म्हणाले, पण गेले नाहीत.

ते अंगावर दोन गोधड्या घेऊन वर्गाच्या खिडकीपाशी उभे राहिले. दरीपलीकडे आभाळ अजून स्वच्छ होतं. हवाऱ्याची सहा घरं दिसत होती. एका धुराड्यातून धूर निघाला. मग दुसऱ्यातून. चुली पेटत होत्या, म्हणजे घरं जागी होती, म्हणजे मुलं घरात होती. तीन. चार. पाच. सहावं घर गुलालेचं. त्यातून काही निघेना. मामोस्तांच्या पायांतून थंडी वर चढत होती. त्यांनी गोधडी आवळली. दरीच्या तोंडाशी ढग येऊन थांबला होता.

बऱ्याच वेळानं सहाव्या घरातून धुराची बारीकशी रेघ सरळ वर गेली.

मामोस्तांनी हजेरीपट उघडला, आजच्या रकान्यात रेघ ओढली आणि पट मिटून ठेवला.